जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली मराठी आत्ताच सोडवा, अजून वेळ आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तुमच्या वाचकपत्रांत मराठीसाठी काय काय करायला हवं यावर सतत कुणी ना कुणी लिहितंय. शाळा, दुकानांच्या पाट्या, बँकेतले फॉर्म, सगळं वाचतो आणि बहुतेक पटतंही. पण एका गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कापा, पण शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मुद्दा असा की साधारण १९९० पासून पुढची वीसेक वर्षं, आणि कित्येक ठिकाणी तर अजूनही, आपल्याकडे कॉम्प्युटरवर जे मराठी टाइप झालं, म्हणजे पुस्तकं, दिवाळी अंक, पेपर, ग्रामपंचायतीची पत्रं, पीएचडीचे प्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, त्यातलं बहुतेक सगळं कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नाहीच. खाली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि त्यांच्यावर मराठी दिसणारा फॉन्ट चढवलाय. फॉन्ट काढला की उरतो कचरा. हा कचरा परत मराठी करता येतो, जवळपास शंभर टक्के अचूक करता येतो, पण त्यासाठी मूळ फाइली लागतात, ते फॉन्ट लागतात, ती जुनी मशीनं लागतात आणि ती चालवणारी माणसं लागतात. आत्ता हे सगळं आहे. अजून दहा वर्षांनी असेल का, याची खात्री मला तरी वाटत नाही.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो, घरी करून बघता येईल. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप करा आणि मग त्याच शब्दाचा फॉन्ट बदलून साधा एरियल करा. स्क्रीनवर येतं ई, जे, के, कॅपिटल बी, एच. एवढंच. कॉम्प्युटरनं साठवलेलं तेच आहे, त्याला म माहीत नाही की ठ माहीत नाही. 'ख' तर एका अक्षरात बसतच नाही, त्यासाठी एक चौकोनी कंस आणि त्याला लागून के, कारण कंसाच्या जागी अर्धा ख काढून ठेवलाय आणि के च्या जागी काना. आता अशा फाइलीत तुम्ही 'खडकवासला' शोधायला गेलात तर सापडणार कसं? आणि हे फक्त कृतिदेवचं झालं. प्रत्येक कंपनीनं आपापल्या फॉन्टमध्ये कुठल्या खणात कुठला तुकडा ठेवायचा ते आपापलं ठरवलं, त्यामुळे एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडला की वेगळाच कचरा दिसतो, कधी कधी तर एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीचंही जमत नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की त्या लोकांनी गाढवपणा केला, तर तसं अजिबात नाही, उलट मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. त्या काळात विंडोज ९५ किंवा ९८ ला देवनागरी कळतच नव्हती. जोडाक्षर कसं बनतं, वेलांटी अक्षराच्या आधी कशी काढायची, रफार कुठे चढवायचा, यातलं काहीही ऑपरेटिंग सिस्टिम करत नव्हती, आणि फॉन्टमध्ये जागा फक्त २५६, त्यातल्याही सगळ्या वापरता येत नाहीत. अशा वेळी अक्षराचे तुकडे करून, दंड वेगळा, अर्धं अक्षर वेगळं, मात्रा वेगळी असं बसवून लोकांनी पूर्ण मराठी पेपर रोजच्या रोज काढून दाखवला. हे मोठं काम होतं. अधिकृत वाटही होती, आपल्या पुण्यातल्याच सी-डॅक या सरकारी संस्थेचं (स्थापना १९८८) जिस्ट हे भारतीय लिप्यांसाठीचं तंत्रज्ञान, आणि अक्षरांना ठरावीक नंबर देणारं इस्की नावाचं भारतीय मानक, जे १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं आयएस १३१९४ म्हणून पक्कं केलं. इस्कीमध्ये क ला क चाच नंबर होता, तुकड्यांचा नाही. आज आपण जे युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारं मानक, वापरतो त्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवरून घेतलेला आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि मला ते सांगायला नेहमी आवडतं. पण छपाईच्या धंद्यात इस्की चाललं नाही, पेजमेकर आणि क्वार्क या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचं तर तुकड्यांचे फॉन्टच लागायचे.

मग युनिकोड आलं, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला आणि पहिल्यांदा असं झालं की क म्हणजे ०९१५ हाच नंबर, जगातल्या कुठल्याही मशीनवर, कुठल्याही फॉन्टमध्ये. एक्सपीवर तेही आपोआप मिळायचं नाही, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायची, मग ते विंडोजची सीडी मागायचं, आणि सीडी कुणाकडेच नसायची. त्या वेळी ज्यांनी हे उद्योग केलेत त्यांना आठवत असेल की पहिला मराठी शब्द चौकोनांऐवजी नीट उमटला तेव्हा काय वाटलं होतं. केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच मानक २००९ मध्ये ठरवलं. तरीही आज कित्येक प्रेसमध्ये, क्लासेसच्या नोट्समध्ये, अगदी नव्या पुस्तकांतही तुकड्यांचे फॉन्ट चालू आहेत, कारण ऑपरेटरचा हात बसलाय, टेम्प्लेट तयार आहेत आणि छापून आल्यावर कागदावर फरक दिसत नाही.

कागदावर दिसत नाही हे खरंय. पण फरक कुणाला पडतो ते सांगतो. माझ्या ओळखीचा एक मुलगा एमपीएससीची तयारी करतो, पूर्ण अंध आहे. लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो, हे ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेलं फुकट स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्यासोबत ई-स्पीकचा मराठी आवाज लावलाय. आवाज यांत्रिक आहे पण तो इतक्या वेगात ऐकतो की शेजारी बसून मला अर्धं कळत नाही. त्यानं एका क्लासच्या नोट्स विकत घेतल्या, पीडीएफमध्ये, पूर्ण पैसे भरून. लॅपटॉपवर उघडल्या आणि पहिल्याच ओळीला आवाज सुरू झाला, 'ई जे के बी एच'. पुढे स्लॅश, डॉलर, कंस. पानंच्या पानं. पंचायत राजवरचं अख्खं प्रकरण त्याच्यासाठी असं होतं. क्लासवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय. तो चिडला नाही, त्याला सवय आहे, मीच चिडलो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फॉन्ट मराठी दाखवतो, कानांनी वाचणाऱ्यापर्यंत मराठी पोचतच नाही, आणि ही अडचण तंत्रज्ञानाची कमतरता म्हणून नाहीये, नोट्स टाइप करताना दुसरा कीबोर्ड निवडला असता तर सुटली असती.

त्याच्या नोट्स आम्ही युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केल्या. ते कसं करतात हे थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं की यात काही जादू असते. आधी एक तक्ता बनवायचा, कुठला कोड म्हणजे कुठला तुकडा. कंस आणि के दिसला की ख, एफ दिसला की वेलांटी. मग क्रम सुधारायचा. जुन्या फॉन्टमध्ये जे जसं दिसतं तसंच टाइप होतं, म्हणजे 'कि' मध्ये आधी वेलांटी मग क, आणि युनिकोडमध्ये आधी क मग वेलांटी, आपण उच्चारतो तसं. रफाराचं उलटं. 'धर्म' जुन्या फाइलीत ध, मग म, आणि सगळ्यात शेवटी रफार, तो उचलून म च्या आधी र आणि हलंत (पाय मोडायची खूण) असा ठेवायचा. म ला काना-मात्रा असतील तर तेवढ्या उड्या मारून मागे जायचं. एवढंच आहे. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा कुणीही कॉलेजचा मुलगा एका सुट्टीत लिहू शकतो, आणि कृतिदेवसारख्या प्रसिद्ध फॉन्टांचे तयार कन्व्हर्टर फुकट मिळतात. गोची होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे मजकुरात मध्येच खरं इंग्रजी आलं, एखादा ईमेल पत्ता किंवा औषधाचं नाव, तर कन्व्हर्टर त्याचंही मराठी करायला जातो आणि वाट लागते. त्यासाठी कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये आहे ही माहिती लागते, ती मूळ डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावलेल्या, फाइलीत असते, नुसत्या कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरात नसते. दुसरं म्हणजे अनोळखी फॉन्ट. फॉन्टची फाइलच नसेल तर तक्ता बनवायचा कशावरून?

म्हणून मी मूळ फाइली, मूळ फाइली असं घोकतोय.

आणि त्या कुठे आहेत माहितीये? अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत, दादर-गिरगावात, कोल्हापूर-नागपूरच्या जुन्या प्रेसमध्ये, डीटीपीवाल्यांच्या कपाटात. मी अशा एका ठिकाणी जात असतो, मालक साठीच्या पुढचे आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दुकानात नवीन मशीन आहेच पण कोपऱ्यात एक विंडोज ९८ चा जुना पीसी जपून ठेवलाय, कारण पाठीमागच्या पॅरलल पोर्टला मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल लावलंय. डोंगल म्हणजे काडेपेटीएवढं कुलूप, ते लागलेलं नसेल तर सॉफ्टवेअर चालू होत नाही. नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नाही. डोंगल गेलं की त्या फाइली उघडायची ती वाट बंद. त्या पीसीवर पेजमेकर आहे, ज्याची ७.० आवृत्ती २००१ मध्ये आली आणि त्यानंतर कंपनीनं मोठी आवृत्ती काढलीच नाही, सगळ्यांना इनडिझाइनकडे वळवलं. कपाटात सीडींच्या चवडी आहेत, वर मार्करनं लिहिलेलं, 'दिवाळी ९९ फायनल', 'दिवाळी ९९ फायनल नवीन', 'कवितासंग्रह दुरुस्त'. काही झिप डिस्कही आहेत, शंभर एमबीच्या, त्या वाचणारा ड्राइव्ह त्यांच्याकडचा कधीच बंद पडलाय. काका एकेक सीडी हातात घेऊन सांगतात की यात अमुक फॉन्ट वापरला होता, तमुक पुस्तकात जोडाक्षरासाठी मी हाताने दोन तुकडे जोडले होते कारण फॉन्टमध्ये ते नव्हतं. ही माहिती कुठेही लिहिलेली नाही, ती त्यांच्या डोक्यात आहे. त्यांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे आणि जागा विकायची बोलणी चालू आहेत.

लिहिलेल्या सीडी कायम टिकत नाहीत, त्यांच्यातला रंगाचा थर खराब होत जातो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकर. काकांच्या चवडीतल्या काही सीडी आत्ताच वाचल्या जात नाहीत.

मी हे सांगतो तेव्हा दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, छापील प्रत आहे ना, स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घ्या. ओसीआर चांगलीच गोष्ट आहे, टेसरॅक्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मराठी वाचतं, मी स्वतः वापरतो, आणि शिळाछापापासून खिळ्यांच्या छपाईपर्यंतच्या जुन्या पुस्तकांना दुसरा इलाजही नाही. पण ओसीआर अंदाज करतं. घ चा ध होतो, अनुस्वार शाईचा ठिपका समजून गायब होतो, जोडाक्षरं घसरतात, आणि मग कुणीतरी ओळन् ओळ वाचून दुरुस्त करायला बसावं लागतं. ज्या पुस्तकाची टाइप केलेली फाइल हयात आहे त्याचा फोटो काढून परत अंदाज करत बसायचं म्हणजे शुद्ध वेळेचा नाश. कन्व्हर्टर अंदाज करत नाही, तक्ता बरोबर असेल तर उत्तर बरोबरच येतं.

दुसरं उत्तर हल्लीचं, एआय करेल सगळं. मला एआयचं कौतुक आहे, रोज वापरतो, पण त्याच्याकडून जुनं पान वाचून घेतलं तर जे अक्षर नीट दिसत नाही तिथे ते जुळणारा दुसरा शब्द बेमालूम घालून देतं, आणि वाचताना ते लक्षातही येत नाही. कवितेच्या ओळीत असा बदललेला शब्द मला चालणार नाही, कवीलाही चालणार नाही. शिवाय उलट बाजूनं बघा. या एआयला मराठी कमी येतं अशी तक्रार आपण करतो, ते शिकतं मजकुरावरून, आणि आपला चांगला, संपादित, मुद्रितशोधन झालेला मजकूर तर या तुकड्यांच्या फॉन्टमध्ये कुलूपबंद आहे. वेबवर युनिकोडमध्ये जे आहे त्यात मराठी विकिपीडिया (१ मे २००३ पासून, सगळं स्वयंसेवकांच्या जीवावर), पेपरांच्या वेबसाइटी, ब्लॉग आणि सोशल मीडियावरची भांडणं. नव्वदच्या दशकातला एखादा चांगला ललितलेख, एखादा शेतीवरचा लेख, एखाद्या तालुक्याचा इतिहास त्यात नाही. सर्च इंजिनलाही तो दिसत नाही.

आता युनिकोडबद्दलही थोडं बोलतो, कारण युनिकोड झालं म्हणजे काम संपलं असं समजणारेही बरेच आहेत. आपल्या ऱ्य आणि ऱ्ह चं बघा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, दोन्हीत र अर्धाच पण लिहायचा वेगळा. मराठीचा हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत खालचा टिंब असलेला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर. मानकात दोन्ही आहेत, दुसरी जुन्या मजकुरासाठी ठेवलेली. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. म्हणजे 'कऱ्हाड', 'गोऱ्हे', 'बऱ्हाणपूर' अशी नावं एखाद्या यादीत एका पद्धतीनं भरली असतील आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीनं शोधलंत तर 'नोंद आढळली नाही' असं उत्तर येणार, समोर नाव असताना. आणि काही वेबसाइटी तर ते न दिसणारं अक्षर फालतू समजून काढूनच टाकतात, मग दऱ्यांचा दर्या होतो.

'ॲप' मधला ॲ असाच. युनिकोडमध्ये मराठीचा हा स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवायचे, काही सॉफ्टवेअरमधून ए वर चंद्र असलेलं अक्षर यायचं, तिन्ही आज वेबवर आहेत. 'ॲड.' अमुकतमुक असं वकिलाचं नाव शोधून बघा.

यावर उपाय अवघड नाही हो. सर्चमध्ये शब्द टाकायच्या आधी ही सगळी रूपं एका रूपात आणायची, दहा-पंधरा ओळींचं काम आहे. इंग्रजीत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखी धरायची हे कुठल्याही प्रोग्रामरला वेगळं सांगावं लागत नाही, पण हे सांगावं लागतं, कारण सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये चाचणी करताना कुणी 'गोऱ्हे' टाइप करून बघतच नाही. मराठी मुलं आहेत त्या टीममध्ये! हिंजवडीत बसून जगाची सॉफ्टवेअर टेस्ट करतात आणि आपल्याच आडनावाला कुणी टेस्ट करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तसंच पीडीएफचं. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर पीडीएफ केला आणि त्यातून कॉपी केला तरी बऱ्याचदा वेलांट्या सरकलेल्या आणि जोडाक्षरं तुटलेली निघतात, कारण पीडीएफ अक्षरं ठेवत नाही, आकारांचे नंबर ठेवते आणि कुठला आकार म्हणजे कुठली अक्षरं याचा तक्ता सोबत देते, देवनागरीत तो तक्ता अपुरा पडतो. म्हणून सरकारी खात्यांनी आणि संस्थांनी पीडीएफबरोबर साधं वेबपेज किंवा वर्डची फाइल पण टाकावी. जास्तीचं काम शून्य आहे, फाइल असतेच त्यांच्याकडे. आणि वेबसाइट बनवणाऱ्यांनी पानाची भाषा मराठी अशी नोंदवावी, कित्येक मराठी साइटी तिथे हिंदी किंवा इंग्रजी ठेवतात, मग फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही हिंदी वळणाचे दिसतात आणि स्क्रीन रीडरलाही चुकीचा आवाज लागतो.

ज्यांना गॅजेट आणि सॉफ्टवेअरचं वेड आहे अशा माझ्यासारख्या लोकांना एक सांगायचंय. आपण नवीन फोनचा कॅमेरा, प्रोसेसर, आयफोन का अँड्रॉइड यावर रात्र रात्र बोलू शकतो, मीही बोलतो, मजा येते त्यात. पण तुमच्या फोनवर मराठी नीट दिसतं ते कुणामुळे याचाही शोध घ्या. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर करतं. जोडाक्षर बनवणं, रफार चढवणं, वेलांटी पुढे आणणं, सगळं तिथे होतं, आणि त्याचा कोड कुणीही वाचू शकतो. लोहित हा फॉन्ट रेड हॅटनं मोकळा करून दिला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटानं 'मुक्त' आणि 'बालू' हे सुंदर देवनागरी फॉन्ट खुल्या लायसन्सखाली दिले, कुणीही छपाईला फुकट वापरावेत. तिकडे केरळात स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग नावाच्या स्वयंसेवकांच्या गटानं फॉन्ट बनवले, कीबोर्ड बनवले आणि पय्यन्स नावाचा कन्व्हर्टरही लिहिला, नेमक्या याच कामासाठी, जुन्या फॉन्टमधला मलयाळम मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी. आपल्याकडे असा गट का उभा राहू नये? माणसं आहेत, हुशारी आहे, पुण्यात तर इंजिनिअरिंग कॉलेजांची रांग आहे, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून मुलं तीच ती हजेरीची ॲप बनवतात. एकेका मुलाला एकेक जुना फॉन्ट द्या, तक्ता बनवायचा, तपासायचा आणि खुला करून टाकायचा. वर्षभरात महाराष्ट्रात वापरलेले बहुतेक फॉन्ट होऊन जातील.

प्रकाशकांची भीती मला माहीत आहे, मजकूर मोकळा झाला की चोरी होईल. त्यांना माझं म्हणणं एवढंच की मोकळं करा असं मी म्हणतच नाहीये. कन्व्हर्ट करून तुमच्याच कपाटात ठेवा. पुढची आवृत्ती काढायची वेळ आली की परत टाइप करून घ्यायचा खर्च वाचेल, ई-बुक काढता येईल, ऑडिओसाठी वापरता येईल. लेखकांनीही प्रकाशकाकडून आपल्या पुस्तकाची फाइल मागून घ्यावी, फॉन्टसकट, बरेच लेखक कधी मागतच नाहीत.

आता तुमच्याकडे विनंती, संपादकसाहेब. तुमच्या पेपरचे जुने अंक ई-पेपरवर चित्ररूपात दिसतात, पण त्यात शब्द शोधता येत नाही. ज्या वर्षांपासून तुमची पानं कॉम्प्युटरवर लागायला लागली तेव्हापासूनच्या फाइली तुमच्या प्रॉडक्शन विभागात कुठल्या तरी हार्ड डिस्कवर, टेपवर किंवा सीडीवर असतील. त्या आधी एकत्र करा आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा, कन्व्हर्ट करायचं नंतर बघू. ते फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर ज्या मशीनवर आहे ते मशीन भंगारात देऊ नका. त्या काळात पानं लावणारी तुमची माणसं निवृत्त झाली असतील तर त्यांना एकदा बोलावून कुठल्या साली कुठला फॉन्ट होता ते लिहून घ्या.

आणि सुरुवात म्हणून एका वर्षाची फक्त रविवार पुरवणी द्या. आमचा काही मित्रांचा ग्रुप आहे, कोड लिहिणारे दोघंतिघं, मुद्रितशोधन केलेल्या एक बाई आणि डीटीपीवाले काका आहेत. आम्ही ती एक पैसाही न घेता युनिकोडमध्ये करून देतो, तपासून देतो, आणि मजकुरावरचा हक्क अर्थातच तुमचा राहील. फाइली देताना फॉन्टच्या फाइली सोबत द्यायला सांगा, त्या नसतील तर त्या काळातल्या छापील पुरवणीची एक प्रत द्या, तिच्यावरून तक्ता बनवू.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड